नगरच्या किल्ल्यांतील चहा आणि मुंबईचीं कँटनी उपाहारगृहें

सन १९४२ च्या ऑगस्टची ८ तारीख. मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव मंजूर झाला आणि रात्र सरते न सरते तोंच धरपकडीला आरंभ झाला. ९ तारखेस राष्ट्रसभेच्या कार्यकारिणीचे सभासद आगगाडींत बसविण्यांत आले आणि अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यांत नेऊन ठेवण्यांत आले. निजामशाहीची ही जुनी राजधानी; २०२४ सालीं तिला अहिल्यानगर हें नांव मिळालें. ज्या तटावरून चांदबिबीनें मोंगलांशीं झुंज घेतली, त्याच तटाच्या आंत मौलाना अबुल कलाम आझाद, पंडित जवाहरलाल नेहरू, सरदार वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आणि त्यांचे इतर सहकारी यांनीं अडीच वर्षांहून अधिक काळ काढला.

या बंदिवासाची स्मृति पुढें मुख्यतः दोन ग्रंथांनीं जागती ठेविली. पंडितजींनीं १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पांच महिन्यांत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ येथेंच लिहिला. मौलाना आझादांनीं आपल्या एका स्नेह्याला उद्देशून पत्रें लिहिलीं. तीं टपालांत पडावयाचीं नव्हतींच. 'गुबार-ए-खातिर' या नांवानें तीं १९४६ सालीं प्रसिद्ध झालीं. या पत्रांत राजकारण थोडें आणि इतर गोष्टी फार. त्यांतली एक गोष्ट म्हणजे चहा. मौलाना पहांटेच्या अंधारांत उठत, स्वतःच्या हातानें चहा करीत आणि एकटेच बसून तो सावकाश घेत. तो चहा चीनमधला, मोगरीच्या जातीच्या फुलांचा वास दिलेला. त्यांत दूध घालणें त्यांना मुळींच मान्य नव्हतें. हिंदुस्थानांत घरोघर दूध घालून जें पेय उकळलें जातें, त्याला चहा म्हणण्याची त्यांची तयारी नव्हती.

किल्ल्याच्या एका खोलींत चिनी चहाची वाफ वर जात होती. दुसऱ्या खोलींत पंडितजी भारत आणि चीन यांच्या दोन हजार वर्षांच्या स्नेहाविषयीं लिहीत होते. ह्यूएनत्संगाचा प्रवास, नालंदेचें विद्यापीठ, बौद्ध भिक्षूंच्या खडतर वाटा, या सर्वांना त्यांच्या ग्रंथांत आदराचें स्थान आहे. नेमक्या त्याच काळांत, नगरपासून सुमारें अडीचशें किलोमीटर दूर असलेल्या मुंबईंत, चीनचीं माणसें फोर्ट आणि कुलाब्याच्या बाजूस टेबलें मांडून लोकांना जेवूं घालीत होतीं. त्यांच्यापैकीं बहुतेकांचें मूळ कँटन प्रांतांतलें. हीं माणसें कोठून आलीं, त्यांच्या उपाहारगृहांचें पुढें काय झालें आणि त्यांच्या इतिहासाचा नगरच्या त्या बंदिवासाशीं काय संबंध पोंचतो, हा या भाषणाचा विषय आहे.

कँटन हें मुंबईला परकें गांव कधींच नव्हतें. १७५७ पासून १८४२ पर्यंत युरोपियन व्यापाऱ्यांना चीनच्या साऱ्या किनाऱ्यावर एकटें कँटन बंदर तेवढें मोकळें होतें. त्या बंदराकडे मुंबईहून कापूस जाई आणि पुढें माळव्याची अफू जाऊं लागली. परतीच्या गलबतांतून चहा, रेशीम, चिनीमातीचीं भांडीं आणि साखर येई. सर जमशेटजी जिजीभाई यांनीं तरुणपणीं चीनच्या अनेक सफरी केल्या आणि मुंबईंतील रुग्णालयें व शाळा ज्या संपत्तीवर उभ्या राहिल्या, तिचा मोठा वाटा याच व्यापारांतला. पारशी स्त्रियांच्या 'गारा' साडीवरचे पक्षी आणि फुलें हीं चिनी कारागिरांच्या सुईंतून उतरलेलीं. या संपत्तीची दुसरी बाजूहि विसरून चालणार नाहीं: मुंबईच्या बंदरांतून गेलेल्या अफूनें चीनमधलीं लक्षावधि घरें धुळीस मिळविलीं, आणि ती अफू नाकारण्याच्या चीनच्या प्रयत्नांतूनच १८३९ चें युद्ध पेटलें. १८४२ च्या नानकिंगच्या तहानें कँटनसह पांच बंदरें इंग्रजांना मोकळीं झालीं आणि हाँगकाँगचें बेट त्यांच्या हातीं गेलें.

मराठी घराला मात्र चीन ओळखीचा झाला तो स्वयंपाकघरांत. लोणच्याची बरणी चिनीमातीची. 'चहा' हा शब्दहि त्याच दिशेनें आलेला. जगांतील भाषांत या पेयाचीं दोनच नांवें मुख्य आहेत. फुकियन किनाऱ्यावरच्या बोलींतला 'ते' हा उच्चार डच व्यापाऱ्यांनीं युरोपांत नेला. त्याचें इंग्रजींत 'टी' झालें. कँटनकडचा 'चा' हा उच्चार मकावच्या पोर्तुगीजांनीं उचलला. मराठी 'चहा' या दुसऱ्या कुळांतला. सारांश, कँटनचा माणूस मुंबईंत पाय ठेवण्यापूर्वींच त्याचा एक शब्द मराठी माणसाच्या तोंडीं बसलेला होता.

हिंदुस्थानांत स्थायिक झालेला पहिला नामांकित चिनी गृहस्थ म्हणून टाँग आच्यू याचें नांव घेतात. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकीर्दींत त्याला कलकत्त्याच्या खालच्या अंगास, बजबजजवळ, हुगळीच्या कांठीं जमीन मिळाली. तेथें त्यानें ऊंस लावला, साखरेचा कारखाना घातला आणि त्यासाठीं चीनमधून मजूर आणिले. तो फार वर्षें जगला नाहीं. परंतु त्याच्या नांवावरून त्या गांवास अचिपूर म्हणतात आणि चिनी नववर्षाच्या सुमारास त्याच्या समाधीला वंदन करण्यासाठीं कलकत्त्याचे चिनी लोक तेथें जातात. ज्या जिल्ह्यांत १९५० च्या सुमारास प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचें चाक फिरूं लागलें, त्या नगर जिल्ह्याच्या लोकांना या साखरवाल्याची हकीकत विशेष रुचावी. उत्तर हिंदुस्थानांत साखरेला 'चिनी' म्हणतात, हेंहि येथें आठवावें.

आच्यूनंतर आलेले लोक निरनिराळ्या प्रांतांतले आणि निरनिराळ्या धंद्यांतले होते. कलकत्त्यांत ही विभागणी फार स्पष्ट दिसे. हक्का लोकांकडे चामड्याचा आणि पादत्राणांचा धंदा, हुपे प्रांताच्या लोकांकडे दांतांची वैद्यकी, शांटुंगच्या लोकांकडे रेशमाची फेरी आणि कँटनच्या लोकांकडे सुतारकाम. कँटनचा सुतार जहाजाच्या लाकडावर बसलेला माणूस. त्यामुळें जेथें गोदी तेथें तो. मुंबईंतहि चिनी वस्तीचा पहिला पाया माझगांवच्या गोदीच्या आसपास पडला. खलाशी आणि सुतार या लोकांना दोन गोष्टींची गरज असे: जहाज सुटेपर्यंत पाठ टेंकावयास जागा आणि देवापुढें लावावयास उदबत्ती. या दोन्ही गरजांतून १९१९ सालीं माझगांवच्या नवाब टँक रस्त्यावर 'सी यूप कून' हें मंदिर उभें राहिलें. दारावरून पाहणाऱ्याला तें साधें दुमजली घर वाटतें. वरच्या मजल्यावर क्वान कुंग या न्यायी आणि शूर देवतेचें स्थान आहे.

मंदिराच्या नांवांतच या लोकांचा पत्ता आहे. 'सी यूप' म्हणजे चार परगणे. कँटन शहराच्या नैर्ऋत्येस सुनवुई, तोइसान, होइपिंग आणि यानपिंग असे चार परगणे आहेत. जमीन डोंगराळ, पीक बेताचें, माणसें फार; म्हणून येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडीत आले. १८४९ नंतर कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींकडे आणि मागाहून अमेरिकेच्या आगगाडीच्या कामावर जे चिनी मजूर गेले, त्यांतले बहुसंख्य याच चार परगण्यांतले. कोकणांतला चाकरमानी जसा घर मागें ठेवून मुंबईस येई आणि आपल्या गांवच्या लोकांच्या खोलींत पथारी टाकी, तसेंच या मंडळींचें. माझगांवचें मंदिर ही त्यांची गांवकीची खोलीच म्हणावयाची.

उपाहारगृहाचा जन्म अशाच ठिकाणीं होतो. परक्या मुलुखांत माणसाला प्रथम आपल्या तोंडाची चव आठवते. गांवचा एखादा हुषार माणूस चार जणांचा भात शिजवूं लागतो, चाराचे चाळीस होतात, आणि मग बाहेरचें गिऱ्हाईक डोकावतें. मुंबईंतल्या मराठी खाणावळींचा इतिहास याहून वेगळा नाहीं. गिरणगांवांतल्या बाया ज्या रीतीनें कामगारांना जेवूं घालीत, त्याच रीतीची ही दुसरी शाखा. फरक एवढाच कीं कँटनच्या माणसाचें बाहेरचें गिऱ्हाईक प्रारंभीं गोरें होतें.

कलकत्त्यांत १९२० च्या दशकांत 'नानकिंग' आणि 'ओ च्यू' या उपाहारगृहांनीं चिनी जेवणाला चिनी वस्तीबाहेर आणलें. मुंबईंत ही हालचाल थोडी मागाहून झाली. चर्चगेटच्या रस्त्यावरचें 'कामलिंग' आणि अपोलो बंदराच्या परिसरांतलें लिंग कुटुंबाचें 'नानकिंग' हीं त्यांतलीं दोन ठळक नांवें. तीं दुसऱ्या महायुद्धाच्या अलीकडल्या पलीकडल्या काळांतलीं. युद्धानें मुंबईचें बंदर दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनीं भरून गेलें होतें. या सैनिकांना आणि खलाशांना क्लबाचा थाट परवडत नसे, आणि देशी खाणावळीचें तिखट सोसत नसे. कँटनच्या जेवणानें ही अडचण सोडविली. पारशी मंडळी तर चीनच्या वस्तूंना शतकभर सरावलेलीच होतीं. चित्रपटधंद्यांतले लोकहि येऊं लागले. पांढरपेशा मराठी गृहस्थ सर्वांच्या शेवटीं आला, आणि आला तोहि बहुधा घरीं न सांगतां.

या उपाहारगृहांना इंग्रजी अर्थानें 'चेन', म्हणजे एका मालकाच्या अनेक शाखांची साखळी, म्हणतां येणार नाहीं. त्यांची साखळी नात्यागोत्याची होती. काका दुकान घाली, पुतण्याला बोलावून घेई. पुतण्या आधीं भांडीं घाशी, मग भाज्या चिरी, मग चुलीपुढें उभा राही, आणि दहा-पंधरा वर्षांनीं दुसऱ्या रस्त्यावर स्वतःची पाटी लावी. भांडवल बँकेकडून येत नसे; तें गांवकीच्या पैशांतून आणि शब्दावर उभें राही. लिंग कुटुंबाचेंच उदाहरण घेतलें तर 'नानकिंग' बंद झाल्यानंतरहि त्याच कुलाब्यांत, रीगल चित्रपटगृहाच्या मागें, 'लिंग्ज पॅव्हेलियन' या नांवानें पुढच्या पिढीनें तोच धंदा चालविला. एक पाटी उतरली कीं दुसरी चढे. कडी तुटत नसे.

आतां या स्वयंपाकाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण मागाहून त्याचें जें रूपांतर झालें तें त्याशिवाय कळणार नाहीं. कँटन हा भाताचा आणि मासळीचा मुलूख. हवा दमट, पिकें दोन, समुद्र जवळ. एका दृष्टीनें चीनचें कोकणच. तेथील स्वयंपाकाचा मुख्य नियम असा कीं जिन्नस ताजा असावा आणि त्याची चव झांकली जाऊं नये. मासा उकडावयाचा आणि त्यावर आलें, पातीचा कांदा आणि सोयाबीनच्या आंबवणाचे चार थेंब. मिरची जवळजवळ नाहींच. वाफेवर उकडलेल्या लहान लहान करंज्या चहाबरोबर खाण्याची तेथें मोठी हौस. तांदळाच्या उकडीचा मोदक ज्यांच्या घरीं होतो, त्यांना या पदार्थाची कल्पना सहज येईल. सकाळीं नातेवाईक आणि मित्र जमवून हा फराळ करण्याला तेथें 'याम चा', म्हणजे 'चहा पिणें', असेंच म्हणतात. त्या चहांत दूध नसतें.

दुसरा प्रकार कढईचा. कढई लोखंडाची, पातळ, गोल बुडाची. तिच्याखालीं आगीचा लोळ. पदार्थ शिजतो दोन-तीन मिनिटांत, पण त्या दोन मिनिटांच्या मागें कित्येक तासांची चिराचिरी असते. सर्व जिन्नस एका मापाचे, बोटाएवढे तुकडे करून आधींच वाटीवाटींत मांडून ठेवावयाचे. जळणाची टंचाई असलेल्या देशांत ही रीत रुजली यांत आश्चर्य नाहीं: चाकूला श्रम जितके अधिक, तितकी लाकडाची बचत. उपाहारगृहाच्या धंद्याला तर ही रीत फारच सोईची. गिऱ्हाईक बसल्यावर चूल पेटवावी आणि पांच मिनिटांत ताट पुढें यावें. अन्न उरून वायां जाण्याचा प्रश्नच थोडा. अमेरिकेंतील सी यूप लोकांनीं याच पद्धतीवर 'चाऊमेन' आणि 'चॉप सुई' लोकप्रिय केली. 'चॉप सुई' हा कँटनी शब्द आहे; त्याचा अर्थ 'मिसळ' असा घेतला तर मराठी वाचकाला तो पुरता कळतो.

युद्धानें गिऱ्हाईक दिलें तसे कष्टहि दिले. १९४३ च्या मेमध्यें मुंबईंत धान्याचें नियंत्रण सुरू झालें. ज्या उपाहारगृहाचा प्राण तांदळांत, त्याला हें किती जाचलें असेल याची कल्पना करावी. १९५० सालीं मुंबई इलाख्यांत पूर्ण दारूबंदी आली आणि गोरें गिऱ्हाईकहि निघून गेलें. तरीहि हीं दुकानें टिकलीं, कारण तोंवर मुंबईच्या लोकांना त्यांची संवय लागली होती. शिवाय त्या वर्षांत चीन हें नांव हिंदुस्थानांत मोठ्या प्रेमानें उच्चारलें जाई.

त्या प्रेमाला मराठी रक्ताची साक्ष होती. १९३८ च्या सप्टेंबरांत राष्ट्रसभेचें वैद्यकीय पथक मुंबईहून चीनला निघालें. पथक धाडण्यांत पुढाकार पंडित नेहरूंचा. पथकांत पांच डॉक्टर होते, नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे त्यांतले दोघे मराठी. हें पथक चीनच्या भूमीवर प्रथम उतरलें तें कँटनलाच. पुढच्याच महिन्यांत तें शहर जपान्यांच्या हातीं पडलें. डॉ. कोटणीस उत्तरेकडे गेले आणि १९४२ च्या डिसेंबरच्या ९ तारखेस, ऐन बत्तिशींत, तेथेंच मरण पावले. तेव्हां त्यांना पाठविणारे नेहरू नगरच्या किल्ल्यांत बंदिवान होते. १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं या जीवनावर चित्रपट काढला आणि घरोघर कोटणिसांचें नांव पोंचलें. १९५४ सालीं पंचशीलाचा करार झाला. 'हिंदी-चिनी भाई भाई' ही घोषणा सभांतून दुमदुमूं लागली. चर्चगेटच्या चिनी दुकानांत बसून नूडल्सच्या शेवया कांटा-चमच्यानें गुंडाळणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण त्या मैत्रींत आपला वांटा उचलीत आहों असें वाटलें असल्यास नवल नाहीं.

१९६२ च्या ऑक्टोबरच्या २० तारखेस हें सारें एका दिवसांत पालटलें. चिनी सैन्य सरहद्द ओलांडून आलें. महिनाभरांत युद्ध थांबलें, पण त्या महिन्यांत हिंदुस्थानांतल्या चिनी माणसाचें जीवन कायमचें बदललें. परकीयांविषयींच्या कायद्याच्या व्याप्तींत तो आणला गेला; ज्याचे आईबाप किंवा आजाआजी यांपैकीं कोणीहि शत्रुराष्ट्राचे नागरिक होते, त्याला स्थानबद्ध करण्याची मुभा सरकारनें घेतली. येथेंच जन्मलेलीं, हिंदी-बंगाली-असमिया बोलणारीं मुलेंहि यांतून सुटलीं नाहींत. आसाम, दार्जिलिंग, शिलाँग या भागांतून सुमारें तीन हजार माणसें आगगाडीनें राजस्थानांतल्या देवळी येथील छावणींत नेण्यांत आलीं. कित्येकांना आपला गुन्हा काय हें कधींच सांगण्यांत आलें नाहीं. १९६३ सालीं त्यांतल्या अनेकांना जहाजांत बसवून चीनला धाडण्यांत आलें. त्यांतल्या कित्येकांनीं चीन पूर्वीं पाहिलाहि नव्हता. शेवटचे लोक सुटावयास १९६७ साल उजाडलें. सुटून घरीं आलेल्यांना घर सांपडलें असें नाहीं, कारण मालमत्ता लिलांवांत गेली होती.

देवळी येथें काय घडलें याची वाच्यता फार उशिरां झाली. मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा आणि छावणींतच जन्मलेल्या जॉय मा यांनीं मिळून लिहिलेला ग्रंथ २०२० सालीं प्रसिद्ध झाला, तोंवर बहुतेक सुशिक्षित घरांना या प्रकरणाची वार्ताहि नव्हती.

या ठिकाणीं नगरचा किल्ला पुन्हा डोळ्यांपुढें येतो. विनाचौकशी बंदिवास म्हणजे काय, हें ज्यांनीं स्वतः भोगलें होतें, भारत-चीन स्नेहाचें प्रकरण ज्यांनीं तटाच्या आंत बसून लिहिलें होतें, त्यांच्याच पंतप्रधानकीच्या काळांत हें घडलें. नगरच्या किल्ल्यांतले बंदिवान देशाचे पुढारी होते. त्यांच्या सुटकेची वाट कोट्यवधि लोक पाहत होते. देवळीच्या छावणींतले बंदिवान चांभार, सुतार, चहाच्या मळ्यांतले मजूर आणि खाणावळवाले होते. त्यांची वाट पाहणारें कोणी नव्हतें. युद्धानें घाबरलेलें राष्ट्र अन्याय करतें, ही गोष्ट नवीन नाहीं; अमेरिकेनें आपल्या जपानी वंशाच्या नागरिकांशीं १९४२ सालीं असेंच वर्तन केलें. परंतु १९८८ सालीं अमेरिकेनें त्याबद्दल क्षमा मागितली. देवळीच्या लोकांना तशी क्षमायाचना मिळालेली नाहीं.

मुंबईच्या चिनी लोकांवर देवळीसारखा घाऊक प्रसंग आला नाहीं. पण पोलिसांकडे नोंद, गांव सोडून जाण्याला बंदी, आणि शेजाऱ्याच्या नजरेंतला नवा संशय हें त्यांच्याहि वांट्याला आलें. कामाठीपुऱ्याच्या शुक्लाजी रस्त्याच्या आसपास जी चिनी वस्ती होती, ती पाहतां पाहतां विरळ झाली. तरुण मंडळी कानडाकडे आणि इतरत्र गेली. सुतार गेले, चप्पल-बूट करणारे गेले. राहिलें तें मुख्यतः अन्न. याचें कारण असें दिसतें कीं बाकीच्या धंद्यांत चिनी माणसाला दुसरा कारागीर मिळाला. पण जेवणाच्या बाबतींत गिऱ्हाईक त्याला सोडावयास तयार नव्हतें. माणसाविषयीं संशय आणि त्याच्या हातच्या भाताविषयीं ओढ, अशी विचित्र अवस्था त्या काळांत होती.

कलकत्त्याच्या टांगऱ्यांत हेंच दुसऱ्या रीतीनें घडलें. तेथील हक्का लोकांच्या चामड्याच्या कारखान्यांना सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानें शहराबाहेर जावें लागलें, आणि अनेक कारखानदारांनीं त्याच इमारतींत उपाहारगृहें काढलीं.

१९७० नंतर मुंबईंत चिनी जेवणाचा रंगच पालटला, आणि तो शब्दशः पालटला: पांढऱ्याचा तांबडा झाला. १९७३ सालीं ताजमहाल हॉटेलांत 'गोल्डन ड्रॅगन' सुरू झालें आणि तेथें सेच्वान प्रांताचें तिखट जेवण मिळूं लागलें. कँटनचें सौम्य अन्न मुंबईकराला आजाऱ्याचें वाटूं लागलें. याच सुमारास कलकत्त्यांत वाढलेले नेल्सन वांग मुंबईस आले. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरांत १९७५ च्या सुमारास त्यांनीं कोंबडीचे तळलेले गोळे घेतले, हिरवी मिरची, आलें व लसूण ही पक्की देशी त्रयी चिरली, मसाल्याऐवजीं सोयाचा रस घातला, आणि 'मंच्युरियन' हा पदार्थ जन्माला आला. मांचुरिया या प्रांतांत त्याचें नांवहि कोणाला ठाऊक नाहीं. पुढें वांग यांनीं केम्प्स कॉर्नर येथें 'चायना गार्डन' काढलें आणि इतर शहरांतहि त्याच्या शाखा झाल्या. इंग्रजी अर्थाची साखळी प्रथम येथें दिसते. काका-पुतण्याच्या कडीच्या जागीं आतां नांवाची आणि भांडवलाची कडी आली.

तेथून पुढचा प्रवास कोणाच्याच हातांत राहिला नाहीं. मंच्युरियनांतली कोंबडी गेली आणि कोबी आला. त्यामुळें तो शाकाहारी घरांत शिरला. 'सेच्वान'चें 'शेजवान' झालें आणि तें तांबडें तिखट वाटण डोशावरहि बसलें. हातगाडीवर तळलेल्या शेवयांची 'चायनीज भेळ' होऊं लागली. आज नगरच्या चौकांत, संगमनेरच्या बसस्थानकाजवळ, श्रीरामपुरांत आणि शिरडींत संध्याकाळीं ज्या गाड्या लागतात, त्यांवर तांबड्या रंगाचा सर्प-व्याघ्र रंगविलेला असतो आणि कढईखालीं आगीचा तोच लोळ असतो. कढई हालविणारा मुलगा नेपाळचा असतो किंवा पारनेर-पाथर्डीकडच्या एखाद्या कोरडवाहू गांवचा. त्याच्या घरांतले लोकहि पोटासाठीं गांव सोडून निघालेले. ऊंसतोडीला जाण्याऐवजीं त्यानें कढई धरलेली. सी यूपच्या चार परगण्यांतून निघालेल्या मुलाची आणि त्याची गांठ पडली असती तर दोघांना एकमेकांची भाषा कळली नसती, पण हकीकत कळली असती.

या गाडीवर चिनी माणूस नाहीं, आणि कँटनची चवहि नाहीं. पण कँटनची रीत आहे: आधीं चिरून ठेवणें, आग प्रखर ठेवणें, दोन मिनिटांत वाढणें. माणसें गेलीं तरी हातांची संवय मागें राहते. अचिपूरची साखर, माझगांवचें मंदिर, कुलाब्याची खाणावळ आणि नगरच्या चौकांतली गाडी हे एकाच प्रवासाचे टप्पे आहेत, आणि देवळीची छावणी हाहि त्याच प्रवासांतला एक टप्पा आहे. पहिले टप्पे आवडीनें सांगावयाचे आणि हा शेवटचा गाळावयाचा, असें इतिहासाला करतां येत नाहीं.

माझगांवच्या मंदिरांत चिनी नववर्षाला मुंबईंत उरलेलीं थोडीं चिनी कुटुंबें अजूनहि जमतात, उदबत्त्या लावतात, आणि क्वान कुंगापुढें हात जोडतात. नगरच्या किल्ल्यांत, ज्या खोल्यांत पुढारी राहिले, त्या लोक येऊन पाहून जातात. मौलाना आझादांची ती बिनदुधाची पेयाली आणि याम चा घेणाऱ्या कँटनच्या म्हाताऱ्याची पेयाली यांत फरक काय, असें कोणी विचारलें तर उत्तर सोपें आहे. दोघांनींहि ती घरापासून दूर, दुसऱ्याच्या तटाच्या आंत बसून घेतली. आणि दोघांनाहि तिच्यांत थोडा वेळ आपलें घर सांपडलें.